मामाची शेवटची खेप

त्या दिवशी लाईट गेली नव्हती. मी घालवली होती. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. आईपुढे नाही, बायकोपुढे नाही, आणि ज्याच्यापुढे उच्चारायला हवं होतं त्या आबामामापुढे तर नाहीच नाही. पाथर्डीला गेलो आणि जुनं कुणी भेटलं की आजही तो विषय निघतो. कुणीतरी मांडीवर थाप मारून म्हणतं, "ऐन वक्ताला लाईट गेली राव!" आणि मी चहाच्या कपात बघत बसतो. लोक म्हणतात, दिलीप फार शांत माणूस आहे. शांत वगैरे काही नाही. एक गोष्ट दाबून ठेवायची असली की माणूस बाकीच्याही गोष्टी कमी बोलायला लागतो, एवढंच.

बारावीची परीक्षा झाली आणि आईने मला राहुरीहून पाथर्डीला पाठवलं, कारण मामाचा पाय मोडला होता. मामाची जीप होती, पाथर्डी-नगर. माणसं आत, माणसं मागे लोंबकळत, टपावर कोंबड्यांची पाटी आणि कुणाचं तरी लग्नाचं कपाट, अशी ती जीप त्याने करंजीच्या घाटातून वर्षानुवर्षं वरखाली नेली आणि कधी साधा आरसासुद्धा फुटू दिला नाही. आणि तो पडला कुठे, तर स्वतःच्या दारात, उभ्या गाडीच्या टपावर दोरी आवळताना. मोडलेल्या पायापेक्षा हे 'उभ्या गाडीवरून' त्याला जास्त दुखत होतं. मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हाड जुळेल, पण डावा पाय आहे, क्लचचा पाय, तेव्हा गाडीचं पुढे बघू. त्या 'बघू'ने मामाला आडवा केला. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. जीप अंगणात निळ्या ताडपत्रीखाली उभी होती, आणि मामी रोज सकाळी अंगण झाडताना तिच्याभोवतीनं हळू झाडायची, आत कुणी झोपल्यासारखं.

मामीचं घर दोन खोल्यांचं, मध्ये एक अरुंद बोळ. पुढच्या खोलीत बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली लोखंडी टेबलावर टीव्ही, समोर मामाची खाट. शेजारी डिझेल इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी होती. तिची टुकटुक सकाळी सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत. रस्त्यावरून जीप गेली की मामा भिंतीकडे तोंड करूनच सांगायचा, "गण्या गेला. सेकंड टाकायच्या जागी फर्स्टवरच तानतोय गाढव." एवढंच काय ते त्याचं दिवसभराचं बोलणं. मामीने हुलग्याची शेंगोळी केली, जी त्याला प्राणाहून प्यारी, तर दोन घास खाऊन ताट सरकवलं. मामी स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "दिलीप, ह्यांनी शेंगोळी सोडली. आता काय खरं न्हाई."

मी बरोबर व्हिडिओ गेम आणला होता. मावशीच्या यजमानांनी मस्कतहून आणलेला, टॉवेलात गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन आलेला. त्यात मोटारींच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीचा एक गेम होता. फेऱ्यांवर फेऱ्या, तासभर चाललं तरी संपू नये अशी शर्यत, पडद्यावर दिवसाची संध्याकाळ व्हायची. राहुरीच्या रद्दीवाल्याकडे मला एका गुळगुळीत इंग्रजी मासिकाची काही पानं सापडली होती, परदेशातल्या रात्रंदिवस चालणाऱ्या शर्यतींची आणि त्यातल्या जुन्या गाजलेल्या विजयांची. शब्दकोश घेऊन मी ती लावली होती आणि ते विजय मी जसेच्या तसे पुन्हा मिळवत होतो. एका विजयात म्हणे गाडीचा एक दिवा फुटला होता, म्हणून मी अर्ध्या पडद्यावर टॉवेल टाकून गाडी चालवायचो. दोन ड्रायव्हर आळीपाळीने चालवायचे, म्हणून मध्येच खेळ थांबवून बाहेर जायचो, शर्ट बदलून दुसरा ड्रायव्हर होऊन आत यायचो आणि पहिल्याला शाबासकी द्यायचो. बारावी झालेला मुलगा! मामी दारातून बघायची आणि निघून जायची. घरात एक आजारी होता, तिने बहुधा दोन धरले.

एका दुपारी मी असाच मोठ्या आवाजात स्वतःचं समालोचन करत होतो, तर भिंतीकडून आवाज आला, "भरलेली हाय का रिकामी?"

"काय, मामा?"

"गाडी. एवढी पळतीय म्हंजे रिकामीच आसंल. भरलेली गाडी आशी वळत नसती."

मी म्हटलं, मामा, ही शर्यतीची गाडी आहे, दिवसभर न थांबता पळते, जगात हिच्यासारखी शर्यत नाही. मामा कण्हत कुशीवर वळला. कित्येक दिवसांत त्याचं तोंड मला पहिल्यांदा समोरून दिसलं. "ह्याचं काय कवतिक? हे तर मी आन् बन्सीनं राहुरीला केलंय."

ती गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती, पण त्या दिवशी मी ती नव्याने ऐकली. जीप घेण्याआधी मामा आणि त्याचे जुने दोस्त बन्सीनाना दोघेही कारखान्याच्या उसाच्या वाहतुकीवर ट्रॅक्टर चालवायचे. पाथर्डीची निम्मी माणसं हंगामाला कोयते घेऊन तिकडे जायची, हे दोघे स्टेअरिंग घेऊन. एकदा दोघांत पैज लागली: दिवस उगवल्यापासून संध्याकाळचा भोंगा होईपर्यंत कोण जास्त खेपा टाकतो. दोघे दिवसभर जेवले नाहीत, खाली उतरले नाहीत. शेवटच्या खेपेला मामाचा ट्रॅक्टर कारखान्याच्या गेटात शिरला आणि भोंगा झाला. पण मागची ट्रॉली अजून बाहेर रस्त्यावर होती. मामाचं म्हणणं, ट्रॅक्टर आत म्हणजे खेप आत, एका खेपेने मी जिंकलो. बन्सीनानांचं म्हणणं, ऊस ट्रॉलीत असतो, ट्रॅक्टरात नाही. गेटवरचा वॉचमन आधी म्हणाला, "आत आला तो आत." बन्सीनानांनी आरडाओरडा केल्यावर म्हणाला, "बाहेर आहे तो बाहेर," आणि चहाला निघून गेला. निकाल तसाच राहिला. पुढे दोघांनी जीपा घेतल्या, पोरांची लग्नं केली, एकमेकांच्या अडीनडीला धावले, पण ती ट्रॉली काही आत आली नाही.

"आन हिकडं ते," मामा म्हणाला. मी रिमोट दिला. त्याने तो दोन्ही हातांत जीपच्या चाकासारखा आडवा धरला आणि विचारलं, "क्लच कुठाय?" मी म्हटलं, ह्या गाडीला क्लच नसतो. मामा प्लास्टरकडे बघून म्हणाला, "म्हंजे ह्या गाडीला पायच लागत न्हाई."

पुढचे काही दिवस मी जे पाहिलं ते त्या गेम बनवणाऱ्यांनी पाहिलं असतं तर धंदा बंद केला असता. मामा वळणावर अख्खा वाकायचा आणि खाटही वाकायची. पुढच्या गाडीला तोंडाने हॉर्न दिल्याशिवाय तो ओव्हरटेक करायचा नाही. ओलांडताना हात वर करून रामराम करायचा. गाडी भिंतीला धडकून मागे घ्यायची झाली, तर मी टीव्हीच्या बाजूला उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या, बस!" असं म्हटल्याशिवाय मागे घ्यायचा नाही. पण त्याची नजर शाबूत होती. आठवड्याभरात त्याने मला हरवलं, आणि त्या संध्याकाळी मामीने शेंगोळ्यांसाठी हुलग्याचं पीठ काढलं.

बन्सीनाना बघायला आले ते कलिंगड घेऊन. "जयभीम, आबा." "रामराम, बन्सी." त्यांचं ठरलेलंच होतं, प्रत्येकाने दुसऱ्याचा नमस्कार घालायचा. नाना खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "उभ्या गाडीवरनं पडला म्हनं. चालत्या गाडीवरनं पडला आसता तर लोकास्नी सांगाया तरी बरं हुतं." मामाने उशीखालून दुसरा रिमोट काढून त्यांच्यापुढे धरला. "बस. तुजी ट्रॉली आज आत घिऊ."

दिवस ठरला. नियम जुनेच: दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत, एक शर्यत म्हणजे एक खेप. नानांनी सरावासाठी म्हणून चार दुपारी आमच्याकडे घालवल्या आणि एकदाही मामासमोर खेळले नाहीत. मामाला मामी स्वयंपाकघरात नेऊन बसवायची. भोंग्याचं काम मामीकडे. तिने जीपमध्ये बसून हॉर्न वाजवायचा. मोजणीला दोन वाट्या. खेप जिंकली की वाटीत भुईमुगाची एक शेंग. राहिली लाईट. उन्हाळ्यात पाथर्डीला लाईट म्हणजे पाहुणी. त्यावर मामाने तोड काढली: भानुदास वायरमनला जेवायचं निमंत्रण. "तू हितं माझ्यासमोर बसून ऱ्हा. लाईट गेली तर तुजं ताट उचलनार." भानुदास पुढच्या रांगेत मांडी घालून बसला आणि त्याने वचन दिलं. कुणाशी बोलून काय केलं कोण जाणे, पण त्या दिवशी लाईट खरंच हलली नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. त्या माणसाने आपला शब्द पाळला होता.

सकाळी कोवळ्या उन्हात दोघे बसले. पडदा आडवा दुभागलेला, वर मामाची गाडी, खाली नानांची. वरची बाजू कुणाची यावरच चहा थंड झाला. दुपारपर्यंत खोली माणसांनी भरली, खिडकीत माणसं, जीपस्टँडवरची सगळी मंडळी; त्या दिवशी नगरला जाणाऱ्यांचे हाल झाले असतील. रिमोट सोडायचा नाही हा जुन्या पैजेचाच नियम, म्हणून मामी दोघांना घास भरवत होती, एक ह्याला एक त्याला.

"वैनी, आबाला मोठा घास देताय तुमी."

"नाना, तोंड त्यांचं मोठं हाय, मी काय करू?"

भानुदासने बोलण्याच्या नादात वाटीतली एक शेंग फोडून तोंडात टाकली. नाना पडद्यावरची नजर न काढता ओरडले, "आरं, खेप खाल्ली माजी!" पंचाईत झाली, टरफल पुरावा म्हणून वाटीत परत ठेवलं गेलं, आणि सगळ्यांनी ते शेंग म्हणून मान्य केलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा दोन्ही वाट्या सारख्या होत्या. शेवटची खेप सुरू होती. मी पाणी आणायला आत गेलो तर मामी चुलीपुढे नुसती बसली होती. "कसं हाय?" तिने विचारलं. मी सांगितलं, नाना पुढे आहेत, मामाचा अंगठा सुजलाय. ती म्हणाली, "हरले तर परत भिंतीकडं तोंड करतील, दिलीप. ह्या बारीला वळायचे न्हाईत." आणि पदराने तोंड पुसून ती भोंग्यासाठी अंगणात जीपकडे गेली.

तिने मला काही करायला सांगितलं नव्हतं. हे तिच्यावर ढकलायचं नाही.

मीटरची पेटी बोळात होती, माझ्या खांद्याच्या उंचीवर. मी तिथे जाऊन उभा राहिलो. तिथून टीव्ही दिसत नव्हता, तो बोळाच्याच भिंतीला टेकलेला होता. बोळात अंधार, त्यामुळे मी कुणाला दिसत नव्हतो; मला दिसत होता फक्त मामाचा चेहरा, दारातून, सरळ समोर. शेवटची फेरी सुरू झाल्याचं आवाजावरून कळलं. खोलीतली सगळी माणसं एकदम गप्प झाली. गिरणीची टुकटुक तेवढी. मग एकाएकी सगळे ओरडले, शब्द कळेना, आणि मामाचं तोंड उघडं पडलं, हनुवटी थरथरायला लागली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. एवढ्या मोठ्या माणसाला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, संपलं. मी पेटीत हात घातला आणि फ्यूज ओढला.

जो गलका झाला तो मी जन्मात विसरणार नाही. "लाईट! लाईट!" पंखा गरगरत थांबला. सगळे भानुदासवर तुटून पडले. तो बिचारा घासासकट उभा राहिला. कुणीतरी म्हणालं, गिरणी तर चालू आहे. दुसऱ्याने सांगितलं, ती डिझेलवर असते. भानुदासने दोन्ही हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि अधिकारवाणीने जाहीर केलं, "फेज गेला." आणि तो धावत बाहेर जाऊन समोरच्या खांबावर चढला. सगळी खोली त्याच्यामागे रस्त्यावर. मी फ्यूज पुन्हा बसवला. नेमकी तेव्हाच भानुदासने वर कुठेतरी पक्कड लावली असावी. खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "आली! आली!" आणि खांबाखालच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. वर चढलेला भानुदास क्षणभर स्वतःच चकित दिसला, मग त्याने हात हलवून टाळ्या स्वीकारल्या. फेज बसवणारा वायरमन म्हणून त्याचं नाव पुढे तालुक्यात झालं.

आणि त्याच वेळी अंगणातून मामीने हॉर्न दाबला. लांबलचक. दिवस मावळला होता.

टीव्ही लागला होता, पण गेम पार सुरुवातीला, कंपनीच्या चित्रावर गेलेला. आणि तेव्हा, माणसं परत आत येता येता सगळी एकदम बोलत होती, तेव्हा मला कळलं की काय झालं होतं. शेवटच्या वळणावर नानांची गाडी टायरांच्या भिंतीत घुसली होती. मामापुढे मोकळा सरळ रस्ता होता आणि टोकाला शर्यत संपवणारी चौकड्यांची रेघ. दोन श्वासांचं अंतर. मामा जिंकत होता म्हणून रडत होता.

"मी जिंकलो," मामा म्हणाला.

"रेघ वलांडली का?" नाना म्हणाले.

"आरं, तू भिताडात घुसला हुतास!"

"मी कुठं घुसलो ते इचारत न्हाई. तुजी गाडी रेघंच्या आत गेली का, भोंगा व्हायच्या आदी?"

खोलीत आधी एक हसला, मग दुसरा, मग सगळेच. मासिकातली पानं लावून मी दिवे फोडले होते, शर्ट बदलले होते, पण कुठला जुना विजय इतका हुबेहूब उभा केला नव्हता. ट्रॅक्टर आत, ट्रॉली बाहेर, आणि भोंगा. मामासुद्धा हसला. नाना म्हणाले, पुन्हा खेळू, आत्ता, एकच खेप. मामाने रिमोट खाटेवर ठेवला. "भोंगा झाला, बन्सी. भोंगा म्हंजे भोंगा." पैजेचा नियम त्याने स्वतःच्या विरुद्ध पाळला.

तो भिंतीकडे वळला नाही, हे खरं. त्या रात्री दोघांनी एका ताटात शेंगोळी खाल्ली आणि ट्रॉलीवरून भांडले. कधी कधी मी स्वतःची समजूत घालतो की माझ्यामुळे दोघांना उरलेल्या आयुष्याला पुरेल एवढं भांडण मिळालं. पण समजूत ती समजूत. प्लास्टर निघालं, पाय आखडलेलाच राहिला, आणि जीप विकली गेली. गेमला मामाने पुन्हा हात लावला नाही. म्हणायचा, आता बन्सी बरोबरीला असल्याबिगर काय मजा, आणि बन्सीनाना म्हणायचे, आबानं बोलावल्याबिगर मी कशाला जाऊ. म्हणजे ज्या गाडीला पाय लागत नव्हता तीच मामाने चालवलेली शेवटची गाडी, आणि तीही मी रेघेच्या अलीकडे थांबवली.

बन्सीनाना गेले त्याला बरीच वर्षं झाली. मामा आहे. मोतीबिंदू झालेत, हात थरथरतात. मागे ठरवून गेलो होतो, सांगायचंच म्हणून. तर नातजावई आलेला, आणि मामा त्याला तीच गोष्ट सांगत होता, दोन्ही हात चाकासारखे धरून, वळणावर वाकून, तोंडाने हॉर्न देत. "आन् मंग," तो म्हणाला, "लाईट गेली." जावयाने हळहळून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही होता ना तिथे?" मी म्हटलं, होतो. चहा घेतला आणि राहुरीची गाडी पकडली.

हे प्रकरण छापून आलं की मी ते मामाला वाचून दाखवणार आहे. त्याला आता वाचता येत नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्याने ऐकावं असं मला वाटत नाही. तो काय म्हणेल ते मला माहीत नाही. आबामामाला मी त्याचा विजय देणं लागतो, आणि बन्सीनानांना त्यांची हार.